भावाची किडनी, बांबोळी आणि 'फुकट' या शब्दाचा अर्थ

काजूबागवाली
रवि, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

माझा धाकटा भाऊ, वय ३६, गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. २०१८ ला खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक विकला, मग एका शाळेचा बालरथ (मुलांची बस) चालवायला लागला. गेल्या वर्षी चवथीच्या आधी त्याचे पाय सुजले. आम्ही म्हटलं, बसून बसून होतं. पंधरा दिवसांनी जिना चढताना धाप लागली म्हणून रक्त तपासलं तर क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) ११. रक्तदाब कधीपासून होता देव जाणे, कोणी मोजलाच नव्हता.

तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सरकारी इस्पितळात होतं, एक पैसा लागत नाही, त्याबद्दल तक्रार नाही. पण मंगळवार, गुरुवार, शनिवार पहाटे साडेचारला उठायचं, चार तास सुईला बांधून घ्यायचं, दुपारी घरी येऊन मेल्यासारखं झोपायचं. नोकरी गेली. लघवी जवळजवळ बंद आहे, त्यामुळे दिवसाला सगळं मिळून अर्धा-पाऊण लिटर पाणी. त्यात पेजही धरायची! आमच्याकडे दहाच्या पेजेशिवाय दिवस उजाडत नाही. आई आता त्याला वाटीभर उकडा भात निथळून देते आणि स्वतःची पेज मागीलदारी बसून खाते, त्याला दिसू नये म्हणून.

डॉक्टर म्हणाले, वय लहान आहे, प्रत्यारोपणाचा विचार करा. आईला साखर आहे, ती बाद. वहिनीचा रक्तगट बी, भावाचा ओ. ओ वाल्याला ओ चीच चालते म्हणे. घरात ओ रक्तगटाची मी एकटी. हे कळल्यापासून माहेरी सगळे माझ्याशी फार गोड बोलतात. सासरी सगळे गप्प आहेत. नवरा नाही म्हणत नाही, 'बघू' म्हणतो. सासूबाई म्हणतात, तुला दोन पोरं आहेत.

काकांचं मत, काजूची बाग विका आणि बंगळुरूला न्या, सरकारीत असली ऑपरेशनं करून घेऊ नयेत. सरकारीत, म्हणजे बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज), खरंच फुकट होतं का? फुकट म्हणजे नक्की काय काय? आणि किडनी दिलेल्या कोणी बाई इथे आहेत का? त्यांच्याशी बोलायचंय.

---

नववं_वर्ष
रवि, रात्री ११.५५

ताई, माझं सरकारी इस्पितळातच झालं, यंदा नऊ वर्षं होतील. किडनी आईची. आधी बागेचं सांगतो: बाग विकू नका. ऑपरेशनसाठी तर नकोच. पुढे का ते कळेल.

'फुकट' म्हणजे ऑपरेशन, खाटा, शल्यविशारद, भूल, आतली औषधं. माझं ऑपरेशनचं बिल खरोखर शून्य होतं. पण मी एक शंभर पानी वही घातली होती. त्यात काय काय आहे सांगतो. तपासण्यांच्या फेऱ्या: दात्याची आणि घेणाऱ्याची एचएलए (ऊती किती जुळतात ते), क्रॉसमॅच, दात्याच्या किडन्या किती काम करतात ते बघणारा डीटीपीए स्कॅन, सीटी अँजिओ, हृदय, दात (हो, दातसुद्धा, किडीतून जंतुसंसर्ग होतो), कावीळ बी ची लस. यातलं एखादं यंत्र बंद पडलं की बाहेरून करून आणा. मग प्रत्येक फेरीला दोन माणसांचा रोज बुडतो. ऑपरेशननंतर पहिले काही महिने आठवड्यातून दोनदा तपासणी. कदंब बसच्या गर्दीत उभं राहून जायचं नाही म्हणून रिक्षा किंवा गाडी. आम्ही जवळच एक खोली भाड्याने घेतली होती. वहीतला सगळ्यात मोठा आकडा त्या खोलीचा आहे.

आणि त्यानंतर गोळ्या. टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, प्रेडनिसोलोन. सकाळी नऊ, रात्री नऊ. जन्मभर! शरीराला ती किडनी कायम परकीच वाटते, गोळ्यांनी शरीराला गप्प बसवायचं. बाहेरून घ्यायच्या तर महिन्याला दहा-पंधरा हजार सहज जातात. सरकारीतून मिळतात, पण एखादी कंपनी बदलली, साठा संपला की धावपळ. एक महिन्याचा साठा नेहमी घरात ठेवा. बागेचे पैसे लागलेच तर इथे लागतील. दरवर्षी काजू विकून औषध घेता येतं, बाग विकून मात्र एकदाच घेता येतं.

योजनांचं: दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ पासून आहे. तीन माणसांपर्यंतच्या घराला वर्षाला २.५ लाखांपर्यंत उपचार, चार किंवा जास्त असली तर ४ लाख. गोव्यात पाच वर्षं वास्तव्य हवं. कार्ड नूतनीकरण झालंय का ते आजच बघा. ऐन वेळी 'कार्ड एक्स्पायर' ऐकलेले दोन जण मला माहीत आहेत. गोमेकॉत जे होत नाही त्यासाठी मेडिक्लेम वेगळं आहे, दोन्हींची गल्लत करू नका.

दोन गमती सांगून थांबतो. क्रॉसमॅचचा कागद आला, त्यावर 'निगेटिव्ह' लिहिलेलं. माझी आई तिथेच बाकावर बसून रडली. नर्स धावत आली: "मावशी, निगेटिव्ह म्हणजे चांगलं! तुमची किडनी त्याला चालते." त्या चाचणीत मुलाच्या रक्तात आईच्या पेशींविरुद्ध काही सापडलं नाही, असा त्याचा अर्थ.

दुसरी. तिसऱ्या वर्षी चवथीला माटोळीतलं (गणपतीवर टांगलेल्या फळांच्या आराशीतलं) तोरंजन (घाटावर पपनस म्हणतात ते) सोलून पोटभर खाल्लं. पुढच्या तपासणीत टॅक्रोची लेव्हल दुप्पट, क्रिएटिनिन वर. डॉक्टरांनी काय खाल्लंस ते एकेक विचारलं आणि तोरंजनावर येऊन थांबले. ते आतड्यात गोळी मोडू देत नाही. तेव्हापासून तोरंजन फक्त बघायचं.

---

भुरगें_बार्देशचें
सोम, सकाळी ७.१०

वाखूसा (वाचनखूण साठवली). माझ्या मामाला हे आज वाचून दाखवतो.

---

दिली_आहे
सोम, दुपारी २.३०

काजूबागवाली, मी दिली आहे. नवऱ्याला, सहा वर्षं झाली. तुला खरं हवंय म्हणून खरं सांगते.

शारीरिक बाजू आधी. डावी किडनी दुर्बिणीतून काढली. पाचव्या दिवशी घरी. बेंबीखाली एक आडवा व्रण, चार बारीक टिंबं. पोटात भरलेल्या हवेमुळे खांदा दुखतो, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, मी घाबरले होते. वर्षाला एकदा लघवी, रक्तदाब, क्रिएटिनिन. बाकी सगळं खाते, शेतात जाते. दुखण्याच्या गोळ्या मनाने घेत नाही एवढंच.

आता दुसरी बाजू. नवऱ्याला नातेवाईक भेटायला यायचे, मास्क लावून, फळं घेऊन. मी चहा करत होते. तिसऱ्या आठवड्यात मी कळशी उचलली आणि कोणी 'ठेव' म्हणालं नाही. त्याचं 'मोठं ऑपरेशन', माझं नुसतं 'दिलं'. भारतात जिवंत दात्यांमध्ये बायकाच जास्त आहेत, आणि घेणाऱ्यांमध्ये पुरुष. यात प्रेम आहे, नाही असं नाही. पण ज्याच्या मजुरीवर घर चालतं त्याला वाचवा, हा हिशेब पण आहे. तो हिशेब माझ्या तोंडावर कोणी मांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

म्हणून तुला सांगते. एक, प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या समितीसमोर तुला एकटीला विचारतात, व्हिडिओ चालू असतो. त्याआधीही डॉक्टरांना एकटीने भेट. मनातून नको असेल तर तिथे सांग. घरच्यांना ते कारण सांगत बसत नाहीत, 'दाता म्हणून योग्य नाही' एवढंच सांगतात. दोन, द्यायची असेल तर नवऱ्याच्या सहीसाठी अडून राहू नकोस. इस्पितळं ती मागतात, पण २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका विवाहित मुलीच्या प्रकरणात सांगितलंय की वडिलांना किडनी देण्यासाठी नवऱ्याची परवानगी कायद्याने लागत नाही. बहीण तर कायद्याने जवळचीच नातेवाईक. तीन, देण्याआधी घरात ठरवून घे की दोन महिने पाणी कोण भरणार. हसू नकोस, लिहून घे.

---

चिकित्सक_४७
सोम, रात्री ९.०५

सगळ्यांच्या दुःखात सहभागी आहे, पण कटू प्रश्न विचारतो. एका माणसावर सरकारने एवढा खर्च करण्यापेक्षा तोच पैसा गावागावात रक्तदाब आणि साखर तपासायला वापरला तर शंभर जणांच्या किडन्या वाचतील. धागाकर्तीच्या भावाचा रक्तदाब 'कोणी मोजलाच नव्हता' हे तिनेच लिहिलंय.

---

नववं_वर्ष
सोम, रात्री ९.४०

मोजायला हवाच होता. पण ज्याची किडनी गेली त्याला तुम्ही काय देणार? डायलिसिस तर सरकार देतंच आहे, बांबोळी, मडगाव, म्हापसा, फोंडा. ते काही हवेवर चालत नाही. एकेका रुग्णाला वर्षाला दीडशेवर फेऱ्या, दर फेरीला नळ्या, फिल्टर, शंभर लिटरच्या वर शुद्ध पाणी, तंत्रज्ञ. प्रत्यारोपणाचा पहिल्या वर्षाचा खर्च मोठा, नंतर गोळ्यांपुरता उरतो. जगात सरकारी तिजोरीतून दोन्ही चालतं अशा अनेक ठिकाणी हिशेब हाच निघालाय, दोन-तीन वर्षांत प्रत्यारोपण स्वस्त पडतं. वर माणूस कामावर जातो. मी रोज जातो.

---

स्विंडनकर
मंगळ, रात्री १.२०

इंग्लंडमधून टंकतोय. स्विंडनमध्ये गोंयकार किती आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहेच. माझ्या शेजाऱ्याला, मूळ सासष्टीचा, इथे एनएचएसमधून (इथली सरकारी आरोग्यसेवा) किडनी मिळाली.

बिल नावाची वस्तू त्यांच्या घरात आलीच नाही. पण मला जास्त नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. त्याच्या बायकोची किडनी त्याला जुळत नव्हती. आपल्याकडे तिथे विषय संपला असता. इथे त्या दोघांचं नाव एका देशभरच्या अदलाबदलीच्या यादीत घातलं. दर तीन महिन्यांनी संगणक सगळ्या न जुळणाऱ्या जोड्या एकत्र मांडतो आणि कोणाची कोणाला चालेल ते काढतो. २००७ पासून हे चालू आहे. बायकोची किडनी कुठल्यातरी अनोळखी माणसाला गेली, याला कुठल्यातरी अनोळखी माणसाची आली. आणि बायकोचा बुडालेला पगार एनएचएसने भरून दिला! दात्याला किडनी देऊन फायदा होऊ नये, पण तोटाही होऊ नये, असं त्यांचं धोरण.

इथे २०२० पासून इंग्लंडमध्ये कायदा असा आहे की तुम्ही 'नको' म्हणून नोंदवलं नाही तर मृत्यूनंतर तुमची संमती गृहीत धरतात. तरी घरच्यांना विचारतातच. आणि थांबावं लागतंच, मृत दात्याच्या किडनीसाठी दोन-तीन वर्षं हे इथे नेहमीचं. एनएचएस म्हणजे स्वर्ग नव्हे, तपासणीची तारीख मिळवताना तेही कळतं.

(अवांतर: पोर्तुगालमध्ये ही गृहीत संमती १९९३ पासून आहे. पोर्तुगीज पासपोर्टसाठी रांगेत उभं राहणाऱ्या किती जणांना माहीत असेल?)

---

दिली_आहे
मंगळ, सकाळी १०.१५

अदलाबदल आपल्याकडेही अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात आहे, २०११ च्या दुरुस्तीने आली. पण जोड्या एका यादीत यायला हव्यात ना. काजूबागवाली, वहिनीचा रक्तगट बी आहे म्हणून तिला लगेच बाद करू नकोस. बी नवरा रुग्ण, ओ बायको दाता, पण दोघांची क्रॉसमॅच जुळत नाही, असं एखादं जोडपं सापडलं तर? अशा यादीत ओ दाते कमी असतात म्हणून कठीण आहे, पण विचारायला काय जातं?

आणि बुडालेल्या पगाराचं: आपल्या १९९४ च्या कायद्यातही 'मोबदला' म्हणजे काय सांगताना दात्याचा खर्च आणि बुडालेली कमाई त्यातून वगळली आहे. म्हणजे ती भरून देणं गुन्हा नाही. केंद्र सरकारी नोकरांना अवयव दिल्यास ४२ दिवसांपर्यंत खास रजा मिळते, २०२३ पासून. जी घरात राबते, काजू वेचते, तिला कोण भरून देणार?

---

दोडामार्गचा
मंगळ, दुपारी १२.५०

आम्ही पलीकडचे. आमच्यासाठी बांबोळी मुंबईपेक्षा कितीतरी जवळ, आजोबांपासून तिथेच. २०१८ मध्ये गोव्याबाहेरच्यांना शुल्क लावलं तेव्हा दोडामार्गात आंदोलन झालं, आठवत असेल. महाराष्ट्राच्या महात्मा फुले योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ मध्ये २.५ लाखांवरून ४.५ लाख केली होती. सीमेवरच्यांनी आपण कुठल्या राज्याच्या कार्डावर आहोत ते आधी पाहावं. आमच्या वाडीत सासर गोव्यात आणि रेशनकार्ड महाराष्ट्रात अशा चार सुना आहेत.

---

गालजीबाग
मंगळ, रात्री ८.३०

काणकोणातून लिहितोय. आमच्या तालुक्यात किडनीचा आजार किती आहे हे पेपरात सगळ्यांनी वाचलंय, साखर नाही, रक्तदाब नाही, तरी किडनी जाते, कारण अजून हाती लागलेलं नाही. माझे वडील गेले, आता चुलता डायलिसिसवर. दात्याची गोष्ट निघाली की आमच्याकडे वेगळीच अडचण येते. चुलत्याला द्यायला त्याचा मुलगा तयार झाला, २९ वर्षांचा, धडधाकट, फुटबॉल खेळणारा. तपासणीत निघालं की त्याच्याच लघवीतून प्रथिनं जातायत. द्यायला गेला आणि रुग्ण होऊन परत आला. एका अर्थी वाचला, लवकर कळलं.

ज्या घरात आजार आहे त्याच घरातून दाता शोधायचा, तर आमच्यासारख्या गावांनी काय करायचं? आम्हाला बाहेरची, म्हणजे मृत दात्याचीच किडनी हवी.

---

रात्रपाळी
बुध, पहाटे ४.०५

मी आयसीयूत नर्स आहे. कुठे ते विचारू नका. चहाची वेळ आहे म्हणून लिहिते.

गालजीबाग, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या वॉर्डच्या बाहेरच्या बाकावर बसलेलं असतं. दुचाकीचा अपघात, हेल्मेट नाही, वय बावीस-पंचवीस. मेंदू गेलेला, छाती वरखाली होतेय कारण व्हेंटिलेटर चालू आहे. चार डॉक्टरांचं मंडळ तपासतं, सहा तासांनी पुन्हा तपासतं, तेव्हा मेंदूमृत्यू जाहीर होतो. मग आईबापांना विचारायचं. हात लावला तर अंग गरम आहे, मॉनिटरवर नाडी चालली आहे, आणि आम्ही सांगतोय की मुलगा गेला. कुठल्या तोंडाने विचारायचं? एकदा एक बाप हातात मुलाची एकच चप्पल घेऊन बसला होता, दुसरी रस्त्यावरच राहिलेली. आमच्या समन्वयक बाई त्यांच्याशेजारी तासभर नुसत्या बसल्या. काही विचारलं नाही त्यांनी तोवर.

हे काम इमारत बांधून होत नाही. हृदयाला चारेक तास मिळतात, किडनी बर्फात चोवीस तास टिकते, म्हणजे वेळ आहे. माणसं हवीत, जी रात्री दोनला येऊन शेजारी बसतील.

माहिती म्हणून: हा कायदा केंद्राने १९९४ मध्ये केला तो ज्या तीन राज्यांनी मागणी केली त्यांत गोवा होता, महाराष्ट्र आणि हिमाचलबरोबर. २०२३ पासून केंद्राने सांगितलंय की मृत दात्याच्या अवयवासाठीच्या यादीत नाव घालायला त्या राज्याचा रहिवासी दाखला मागू नये, नोंदणीचे पैसे घेऊ नयेत, ६५ वर्षांची अटही काढली. तेव्हा चुलत्यांचं वय झालंय म्हणून नाव घातलं नसेल तर घाला. नोटोच्या (अवयव प्रत्यारोपणाची केंद्रीय संस्था) संकेतस्थळावर आधार वापरून दानाची प्रतिज्ञा नोंदवता येते. पण नुसती नोंदवून गप्प बसू नका. शेवटी सही घरचेच करतात. जेवताना एकदा घरी सांगून ठेवा, नुस्तें-भात खाता खाता.

---

चिकित्सक_४७
बुध, सकाळी ९.२०

वरचं वाचलं. प्रतिज्ञा नोंदवली. बायकोला सांगितलं, ती म्हणाली, सकाळी सकाळी काय हे.

---

काजूबागवाली
एकवीस दिवसांनी, रात्री ११.१०

उशिरा लिहितेय, माफ करा. सगळ्यांचे प्रतिसाद भावाला वाचून दाखवले. तोरंजनाच्या गोष्टीवर तो किती दिवसांनी हसला.

बाग विकली नाही. काका रागावलेत, चवथीला येणार नाहीत म्हणे, येतील. दीनदयाळचं कार्ड काढून बघितलं तर खरंच संपलेलं होतं. नूतनीकरणाला तीन फेऱ्या झाल्या.

'दिली_आहे' ताईंच्या सांगण्यावरून डॉक्टरांना एकटी भेटले. त्यांनी अर्धा तास दिला. नंतर बाहेर येऊन इस्पितळाच्या कँटीनमध्ये एक चहा आणि भजी खाल्ली, एकटीने. लग्नानंतर असं एकटीने बाहेर बसून खाल्ल्याचं आठवत नाही. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, मी तपासण्या करून घेतेय, दोन महिने पाणी कोण भरणार ते सांग. तो बराच वेळ पंख्याकडे बघत होता. मग म्हणाला, "पंप बसवूया." हो की नाही ते मी त्यातून काय काढायचं ते काढलं. रक्त द्यायला गेले तेव्हा स्कूटरवर तोच घेऊन आला होता.

वहिनीचं नाव अदलाबदलीसाठी विचारून ठेवलंय.

क्रॉसमॅचचा कागद आज आला. निगेटिव्ह. सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या, त्यांनी विचारलं काय लिहिलंय म्हणून मी वाचून दाखवलं. त्यांनी देवाला हात जोडले, म्हणाल्या, "बरं झालं गे बाय, सुटलीस."

मी अजून त्यांना काही सांगितलेलं नाही.